तुळशीत डॉलर काऊन?

“मामाजी, याले रोज सकाळी फक्त चालवजा. उघडून पाहू नोका.”

बंगलोरला नोकरीवर रुजू व्हायला निघालेल्या हेमराजनं डब्याच्या दारात उभं राहून हे सांगितलं आणि गाडी सुटली. जाताना त्यानं आपला जुना कॉम्प्युटर मामा-मामीला दिला होता. तो चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, पाऊस-विजेत कोणती वायर काढून ठेवायची, हे सगळं दोनदोनदा दाखवलं होतं. ते मामा पुंडलिकराव वर्धा स्टेशनाच्या पुलावरच विसरले. लक्षात राहिलं ते एकच, ‘उघडून पाहू नोका’. ज्या माणसानं उभी नोकरी तहसील कचेरीत बडे बाबू म्हणून काढली, चिकटवलेला लिफाफा नुसता उजेडाकडे धरून आतल्या बदलीचं गाव सांगितलं, त्याला ‘उघडू नका’ म्हणणं म्हणजे बोक्याला दुधाची राखण सांगणं. तरी पुंडलिकरावांनी बरेच दिवस दम धरला, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

हे ‘याले’ म्हणजे काय, तेही सांगायला हवं.

मामींचा, म्हणजे कौशल्याबाईंचा, चातुर्मास साधा नव्हता. इतर बायका आषाढी एकादशीला एखादी भाजी सोडून मोकळ्या होतात. कौशल्याबाई रोज नवा नेम धरत, आणि तो स्वतः निवडत नसत. “आपल्या मनानं निवडला तो नेम कायचा?” त्या म्हणत. त्यांचा आवाज इतका हळू, की तो ऐकायचा तर समोरच्याला आपलं बोलणं थांबवावं लागे. “ज्याले वांगं आवडत नाई तो वांगंच सोडते. देवाले का समजत नाई?” म्हणून देवापुढच्या तांब्यात चिठ्ठ्या टाकून रोज सकाळी एक काढायची आणि निघेल ते पाळायचं, अशी वहिवाट होती. चिठ्ठ्या लिहिण्याचं आणि त्यांच्या घड्या घालण्याचं काम पुंडलिकरावांचं, कारण घरात अक्षर त्यांचं चांगलं. आणि चूल एक तर नेम एक, म्हणून निघेल ते नवरा-बायको दोघांनाही लागू.

यंदा चिठ्ठ्यांच्या जागी हेमराजचं यंत्र आलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुळशीचं इवलंसं चित्र होतं. त्यावर टिचकी मारली की काळी चौकट उघडायची आणि इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ उमटायची. आज मीठ वर्ज्य. आज अनवाणी. आज पलंगावर झोपणे वर्ज्य. एका तारखेला कितीदा विचारा, उत्तर तेच. कौशल्याबाई आंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून, माउसला कुंकवाचं बोट लावत आणि मग टिचकी मारत.

अडचण एकच होती. पुलगावात तेव्हा सकाळचं भारनियमन असे. लाईट नाही तर यंत्र नाही, आणि यंत्र नाही तर आज वर्ज्य काय ते ठाऊक नाही. चहा वर्ज्य निघाला तर? मीठ निघालं तर? म्हणून लाईट येईपर्यंत सगळंच वर्ज्य. पुंडलिकराव ओट्यावर रिकामा कप घेऊन बसत आणि विजेच्या तारेकडे असे पाहत, जसा चकोर चंद्राकडे पाहतो. फरक इतकाच, की चकोराची बायको त्याच वेळी शांतपणे जपमाळ ओढत नसते.

शेजारच्या प्रमिलाबाईंनी हे यंत्र पाहिलं आणि नाचणगाव रोडवरच्या आमच्या त्या कॉलनीत क्रांती झाली. “कौशल्यावैनी, चिठ्ठीले माणसाचा हात लागते. याले कोणाचाच हात नाई. हे तं शुद्ध आहे!” असं त्यांनी महिला मंडळात सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून साऱ्या बायका सकाळी आज काय निघालं ते विचारायला येऊ लागल्या. ज्या घरी बाई नेमाची, त्या घरी बाबा आपोआप नेमाचा. बेसनाची बिनमिठाची पातोडी खाऊन कॉलनीतले पुरुष पुंडलिकरावांकडे कसे पाहू लागले, ते लिहिण्यासारखं नाही.

“बडे बाबू,” प्रमिलाबाईंचे यजमान बाबाराव कुंपणावरून म्हणाले, “तुमचा भाचा बंगलोरले गेला, हे बरं झालं. इथं असता तं मी त्याले भेटलो असतो.”

बाबाराव आर्वीच्या छोट्या गाडीवर गार्ड होते. ती गाडी बैलगाडीच्या चालीनं चालायची हे सगळ्यांना माहीत आहे. पण गार्डाचा आवाज मात्र मेल गाडीचा होता.

हे असंच निमूट चाललं असतं. पण नाचणगावच्या शाळेचे हेडमास्तर वासुदेवराव एका संध्याकाळी घरी आले.

“यंदा पंधरा ऑगस्टले पाहुणे तुम्ही,” ते म्हणाले. “झेंडा तुमच्या हातानं, अन् भाषणही तुमचंच.”

“कोणाले लिहून द्यायचं आहे?” पुंडलिकरावांनी सवयीनं विचारलं.

“कोणाले नाई जी. तुम्हीच बोलायचं.”

 नोकरीभर पुंडलिकरावांनी भाषणं लिहिली होती. प्रत्येक नवा साहेब आला की पहिल्याच सव्वीस जानेवारीला म्हणे, “बडे बाबू, जरा दोन शब्द काढून ठेवा.” ते काढून ठेवत. साहेब वाचत, टाळ्या साहेबांना पडत. त्या वेळी बडे बाबू मंडपाच्या मागे उभे राहून ‘आता पुढच्या वाक्याला हशा येईल’ असं मनात म्हणत, आणि तो येई. एका साहेबानं तर हशाच्या जागी खोकला काढला होता. ते दुःख पुंडलिकरावांनी कौशल्याबाईंनाही सांगितलं नव्हतं. आता पहिल्यांदा त्यांचे शब्द त्यांच्याच तोंडून निघणार होते. वासुदेवराव गेल्यावर त्यांनी आरशासमोर उभं राहून “बंधू आणि भगिनींनो” एवढंच म्हणून पाहिलं. आवाज चांगला लागला.

मग त्यांना एक शंका आली आणि तिथून सगळं बिघडलं. त्या दिवशी यंत्रानं भलतंच काही काढलं तर?

स्टेशन रोडवर कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या कैलासला त्यांनी सहज, म्हणजे अजिबात सहज नसल्यासारखं, विचारलं, “काय रे, कॉम्प्युटरची तारीख पुढं करता येते का?” येते, म्हणाला. कशी, तेही त्यानं दाखवलं. कौशल्याबाई देवळात गेल्याची संधी साधून पुंडलिकरावांनी तारीख पंधरा ऑगस्ट केली आणि तुळशीवर टिचकी मारली.

काळ्या चौकटीत ओळ उमटली. आज मौन.

त्यांनी तारीख मागे नेली, पुन्हा पुढे आणली. मौन. चष्मा पुसला. मौन. जन्मभर लोकांना बोलायला शब्द देणाऱ्या माणसाला बोलायची वेळ आली, तर त्याच दिवशी दिवसभर तोंड बंद! एखादा माणूस असता तर त्यानं वर अर्ज केला असता. यंत्राच्या वर कोण असतं?

“कैलास,” दुसऱ्या दिवशी त्यांनी हळू आवाजात सांगितलं, “दुपारी घरी येजो. काकू देवळात असते तेव्हा.”

कैलास आला. उघडून पाहू नका म्हटलेलं त्यानं उघडलं, आणि दोघंही मागे सरकले. पडद्यावर तुळशीवृंदावन उभं होतं. वर पसरलेली पानं, मधे बारीक खोड, खाली रुंद कुंडी, आणि ते सारं चिन्हांचं बनलेलं. डॉलर, टक्के, तिरक्या रेघा, कंस, टिंबं, उलटे स्वल्पविराम. एक शब्द धड नाही. सगळ्यांत वर एक जाळीसारखी खूण आणि त्यापुढे ‘पर्ल’ असं काहीतरी.

“काका, मी टॅली शिकवतो, विंडोज शिकवतो,” कैलास म्हणाला. “पण हे काय होय? शेणानं सारवलेल्या ओट्यावर कोंबड्या नाचल्यावानी दिसून राह्यलं.”

“भाषा कोणती?”

“पर्ल म्हणते वाटते. पण पर्लही अशी नसते म्हणे. याले मुद्दाम असं लिहिलं आहे, कोणाले समजू नये म्हणून.”

“कोणाले?” पुंडलिकरावांनी ताठ होऊन विचारलं. कॉलनीत कॉम्प्युटर उघडून पाहण्याइतका चौकस माणूस एकच होता, आणि तो या क्षणी खुर्चीत बसला होता. अपमान झाला होता एवढं नक्की. फक्त कोणी केला ते सिद्ध व्हायचं होतं.

कैलासनं कागदावर छापून दिलं आणि अभ्यास सुरू झाला. बाबारावांना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून ते अर्थातच पहिल्या दिवशी कळलं. “हे तं सोपं आहे,” ते म्हणाले. “हे कंस पाहा. एक उघडला की एक बंद. डब्याले डबा जोडल्यावानी. कुठं जोड सुटला ते शोधा, गाडी तिथंच अडकली असते.” मग लाल-निळी पेन्सिल घेऊन दोघं कंस जोडायला बसले. सारे जुळले, एक सोडून. त्या एका कंसाच्या जोडीदारासाठी दोघांत अबोला झाला, समेट झाला, पुन्हा अबोला झाला. शेवटी कैलासनं नखानं खरवडून पाहिलं. तो कंस नव्हता. पातोडीच्या रश्श्याचा शिंतोडा होता.

“एका कागदावर दोघं काम नाई करू शकत,” बाबारावांनी निकाल दिला. “मले माझी वेगळी कॉपी पायजे.”

झालं. पुंडलिकराव झेरॉक्सच्या दुकानात गेले, आणि तिथे आपल्या पोराच्या गुणपत्रिकेची कॉपी काढायला चौकीतले एक हवालदार आधीच उभे होते. आता पुलगाव म्हणजे दारूगोळ्याच्या डेपोचं गाव. इथे लहान पोरंही भिंतीवर काही लिहिताना चारदा विचार करतात. मशीनमधून सरकत आलेला कागद हवालदारांनी हातात घेतला.

“हे काय होय?”

“तुळस,” पुंडलिकराव म्हणाले.

हवालदारांनी कागद उभा धरला, आडवा धरला. “तुळशीत डॉलर काऊन आहेत?”

पुंडलिकरावांनी पाहिलं. खरंच होते. पानापानाला होते. इतके दिवस कंसांच्या नादात डॉलरकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं.

“मले नाई माहीत. भाच्यानं लावली आहे.”

“भाचा कुठं असते?”

“बंगलोरले.”

“हं,” हवालदार म्हणाले. त्या एका ‘हं’मध्ये बंगलोर, डॉलर आणि डेपो यांची गाठ बसली.

चौकीत नेल्यावर मात्र ते फार अदबीनं वागले. खुर्ची दिली, पंखा लावला, चहा मागवला. पण त्या दिवशी यंत्रानं चहा वर्ज्य काढला होता. “माफ करा, मी आज चहा घेत नाही,” पुंडलिकराव म्हणाले, आणि चौकीतल्या तिघांनीही एकदम मान वर करून पाहिलं. पाऊस पडत असताना, फुकटचा, अद्रक घातलेला चहा नाकारणारा निवृत्त सरकारी माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. तोवर जो संशय होता, त्याची आता खात्री होऊ लागली.

शेवटी पुंडलिकरावांनीच अर्ज लिहून दिला. जन्मात इतक्या सफाईनं त्यांनी अर्ज लिहिला नव्हता: ‘सदर कागद तुळशीचा असून त्यातील डॉलर धार्मिक स्वरूपाचे आहेत.’ हवालदारांना भाषा आवडली, पण देवळाचा दाखला हवा होता. देवळाच्या वहिवाटदारांनी कागद दूर धरून पाहिला आणि लिहिलं, ‘सदर तुळस आमच्या परिचयाची नाही, तथापि अर्जदार परिचयाचे आहेत.’ वाक्याच्या उत्तरार्धावर सुटका झाली. कागद मात्र चौकीतच राहिला. हवालदारांच्या कुटुंबानं तो देवाजवळ लावला, असं नंतर कानावर आलं.

इतकं होऊनही यंत्र कसं चालतं ते कळलं नव्हतं, आणि पंधरा ऑगस्ट जवळ येत होता. भाषण मात्र तयार झालं होतं. हशाच्या दोन जागा होत्या, टाळ्यांच्या तीन. शेवटचं वाक्य म्हणून झालं की पुंडलिकराव स्वतःच टाळ्यांसाठी थांबत.

एका दुपारी त्यांनी कैलासला पुन्हा बसवलं. “आज मुळापासून पाहू,” ते म्हणाले आणि बोटं कीबोर्डवर ठेवून थांबले. पुंडलिकरावांनी आयुष्यात कोणताही कागद माथ्यावर ‘श्री’ लिहिल्याशिवाय सुरू केला नव्हता. किराण्याची यादी असो की राजीनाम्याचा मसुदा असो, वर श्री. आणि या कागदाच्या माथ्यावर श्री नव्हतं. गणित चुकतं आहे ते यानंच तर नव्हे?

“श्री टाकू का रे वर?”

“टाका ना. पण त्या जाळीच्या खुणेपुढं टाका,” कैलास म्हणाला. “तिच्यापुढं काही लिहा, मशीन ते वाचतच नाई. ते फक्त माणसांसाठी असते.”

पुंडलिकरावांनी भक्तिभावानं इंग्रजीत ‘श्री’ टाकलं. मग सहज पंधरा ऑगस्टची तारीख लावून टिचकी मारली.

आज कारले वर्ज्य.

त्यांनी कैलासला मिठीच मारली. कारलं! कारलं त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं! देवाचं नाव घेतल्याबरोबर देव पावला होता. तारीख जागेवर आणून, यंत्र बंद करून ते ओट्यावर येऊन बसले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी शीळ घातली.

पण त्याच दुपारी प्रमिलाबाई आल्या. सकाळी माहेरी वायगावला गेल्यामुळे त्यांचा त्या दिवशीचा नेम राहिला होता. कौशल्याबाई अजून देवळातून आल्या नव्हत्या, म्हणून त्यांनीच हात धुऊन टिचकी मारली. साऱ्या कॉलनीनं सकाळी ‘मीठ वर्ज्य’ घेतलं होतं. प्रमिलाबाईंना निघालं ‘मौन’.

संध्याकाळी बायका जमल्या आणि कॉलनीत दोन पंथ पडले. मिठाच्या बायका म्हणाल्या, प्रमिलाबाईंनी चुकीचं वाचलं. प्रमिलाबाई मौनात असल्यामुळे भांडता येत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना भांडायला खरं कारण मिळालं होतं, आणि तेव्हाच तोंड बंद. त्यांनी पाटी-पेन्सिल घेतली. पाटी भरली, पुसली, पुन्हा भरली. पेन्सिलीचा आवाज पार कोपऱ्यावरच्या घरापर्यंत ऐकू जात होता.

पुंडलिकरावांनी हे खिडकीतून पाहिलं. बायका ओट्यावर आहेत तोवर आत जाऊन त्यांनी घाईघाईनं ‘श्री’ पुसून टाकलं. पुसताना आणखी काहीतरी पुसलं गेलं. काय, ते समजेना. वृंदावन तर दिसायला तसंच होतं.

“चला, सगळ्यांच्या समोर पाहू,” बाहेर कौशल्याबाईंचा हळू आवाज आला. सगळ्या आत आल्या. टिचकी मारली.

आज पलंगावर झोपणे वर्ज्य.

आता तीन पंथ झाले. कोणी मीठ सोडलं, कोणी बोलणं, आणि ज्या फार सावध होत्या त्यांनी सारंच. बाबाराव अळणी वरण खाऊन, मौन धरलेल्या बायकोशेजारी जमिनीवर झोपले. सकाळी कुंपणापाशी येऊन ते फक्त एवढंच म्हणाले, “बडे बाबू. मी गार्ड होतो. अपघात कोणामुळे झाला ते मले पटरी पाहूनच समजते.”

 कौशल्याबाईंनी मात्र नवऱ्याच्या पानात नेहमीसारखं वाढलं, पाणी दिलं, आणि त्या जपाला बसल्या. ते जास्त कठीण होतं.

त्या दिवशी पुंडलिकराव दुपारी सतरंजीवर पडले असताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. जाळीच्या खुणेपुढचं मशीन वाचत नाही, असं कैलास म्हणाला होता. मग ‘श्री’ त्याला कळलं कसं? कळल्याशिवाय का मिठाचं मौन झालं? मशीन वाचत नसेल. पण कोणीतरी वाचत होतं. आणि मग बडे बाबू ताडकन उठून बसले. नोकरीत त्यांनी असे साहेब पाहिले होते, की जे फाईलमधला एक शब्द वाचत नसत. फक्त हातात धरून तिचा जाडपणा पाहत, आणि त्यावरून निर्णय देत. एक कागद जास्त घातला तर निर्णय वेगळा. हे यंत्रही तसंच तर नव्हे?

ते तसेच अनवाणी कैलासच्या क्लासात गेले. छापण्यासाठी कैलासनं तिथे नेलेल्या प्रतीवर दोघांनी करून पाहिलं. माथ्यावर एक अक्षर टाकलं, नेम बदलला. तेच अक्षर शेवटी टाकलं, नेम तितकाच बदलला. दोन टाकली, आणखी सरकला. काहीच न लिहिता नुसती मोकळी जागा सोडली, तरी सरकला. प्रत्येक अक्षराला, टिंबाला, मोकळ्या जागेलासुद्धा हेमराजनं आपापलं वजन दिलं होतं. ती तुळस रोज सकाळी स्वतःचं पान न् पान मोजत होती, त्यात तारीख मिळवत होती, आणि बेरीज येईल त्या नेमावर बोट ठेवत होती.

“काका,” कैलास डोळे विस्फारून म्हणाला, “हे तं स्वतःचंच पारायण करून राह्यलं!”

पुंडलिकराव खुर्चीत ताठ बसले. पर्लचं अक्षर न वाचता त्यांनी पर्ल ओळखली होती. हा पराक्रम सांगावा असा माणूस एकच होता. बूथवरून त्यांनी बंगलोरला फोन लावला.

“मामाजी, उघडलं ना?” हेमराजचा पहिला प्रश्न.

पुंडलिकरावांनी तो ऐकलाच नाही आणि सारा शोध सांगितला.  “मामाजी,” हेमराज म्हणाला, “माझ्या ऑफिसात इंजिनियर लोकांले दिलं होतं हे. कोणाले नाई जमलं.” पुंडलिकरावांची छाती फुगली. “पण त्यात इतकं गिचमिड काऊन केलं, ते समजलं का?”

“काऊन?”

“मामीनं सांगितलं होतं. म्हणे, चिठ्ठीत चहा वर्ज्य कधीच निघत नाई. इतकी वर्षं झाली, कधीच नाई. त्या चिठ्ठीचा कोपरा जरासा दुमडलेला असते, अन् मामाजी तांब्या हलवून ती खाली घालते. म्हणे, असं काही बनव बाबू, की तुझ्या मामाजीचा हात नाई पोचला पायजे. अन् त्यांले सांगजो नोको, वाईट वाटन.”

बूथच्या काचेत पुंडलिकरावांना स्वतःचा चेहरा दिसला. तो त्यांनी फार वेळ पाहिला नाही.

हेमराजनं मूळ तुळस कैलासकडे मेलनं पाठवली. फ्लॉपी घेऊन पुंडलिकराव घरी आले, ती लावली, आणि पुसलं गेलेलं जिथल्या तिथे आलं. कौशल्याबाई दारात उभ्या होत्या. न राहवून ते सांगायला लागले, की कसं प्रत्येक अक्षराला वजन आहे, कीबोर्डची ही खालची लांब पट्टी एकदा दाबली आणि एक मोकळी जागा सुटली तरी कसा सारा दिवस बदलतो, आणि ती जागा कशी कोणालाच कधी दिसणार नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आवो, हुशार तं तुम्ही पयलेपासूनच आहा. मले एवढंच सांगा. आता जे निघन, ते आपलं ना?”

चिठ्ठीच्या दुमडलेल्या कोपऱ्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पुंडलिकरावांना वाटलं.

“आपलं,” ते म्हणाले.

म्हणून झाल्यावर त्यांना आठवलं, की मूळ तुळशीत पंधरा ऑगस्टला काय आहे, हे घरात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे.

मग महिला मंडळात समेट झाला. कौशल्याबाईंनी सगळ्यांना सांगितलं, की यंत्र बिघडलं होतं, आता दुरुस्त आहे. कोणी बिघडवलं ते त्यांनी सांगितलं नाही. प्रमिलाबाईंनी पाटीवाचून, तोंडानं, ते सगळ्यांना सांगितलं.

चौदा तारखेला दुपारी कौशल्याबाई देवळात गेल्या. पुंडलिकरावांनी भाषण एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. दोन्ही हशे त्यांना ऐकू आले. मग ते कॉम्प्युटरसमोर बसले. कोपरा दुमडायला नको, तांब्या हलवायला नको. एक मोकळी जागा. ती कोणालाच दिसणार नव्हती, हवालदारांना नाही, हेमराजलाही नाही. वजनं आता त्यांना तोंडपाठ होती. एका जागेनं मौन जाऊन अनवाणी आलं असतं, आणि नाचणगावपर्यंत ते आनंदानं अनवाणी गेले असते. त्यांनी लांब पट्टीवर बोट ठेवलं. बोट बराच वेळ तिथंच होतं. बाहेर कोणाच्या तरी घरी रेडिओ लागला, बंद झाला. मग त्यांनी बोट उचललं, धोतरानं पट्टी पुसली आणि उठून भाषणाच्या कागदाला चांगली घडी घातली.

सकाळी नशिबानं लाईट होती. म्हणजे नशीब म्हणायचं तर. कौशल्याबाईंनी माउसला कुंकू लावलं आणि टिचकी मारली.

आज मौन.

ओळ वाचली की नेम सुरू होई, म्हणून त्यांच्या तोंडून काही निघालं नाही. त्या वळल्या. पुंडलिकराव इस्त्रीचा सदरा घालून, टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांच्याकडे पाहता पाहता कौशल्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात, ज्या बाईनं इतक्या वर्षांत उपासाच्या दिवशी कधी साखरेचा दाणा जिभेवर ठेवला नव्हता, तिनं हात पुढे केला आणि कीबोर्डच्या खालच्या लांब पट्टीवर बोट ठेवलं. दाबलं नाही. नुसतं ठेवलं, आणि नवऱ्याकडे पाहिलं. दाबू?

पुंडलिकरावांनी नकारार्थी मान हलवली. तिचा हात अलगद उचलून बाजूला केला आणि कॉम्प्युटर बंद केला. मग टेबलापाशी जाऊन त्यांनी खिशातलं भाषण काढलं, वरच्या कोपऱ्यात ‘वाचणार: वासुदेवराव’ असं लिहिलं, आणि थोडं थांबून, हशाच्या दोन्ही जागी बारीक अक्षरात ‘इथे थांबावे, खोकू नये’ असंही लिहिलं.

बाहेर बाबाराव कुंपणापाशी उभे होते. त्यांच्याही घरी मौन होतं, कारण प्रमिलाबाई सकाळीच येऊन गेल्या होत्या. मेल गाडीच्या आवाजाच्या त्या माणसानं नुसता हात वर केला, गाडीला हिरवा कंदील दाखवावा तसा.

पुंडलिकरावांनी टोपी घातली, फाटकाची कडी आवाज न करता उघडली, आणि ओठ मिटून नाचणगावच्या रस्त्याला लागले.